चार नंबरच्या टाकीतली हवा

मंदाकाकी, शिरवण्याचे गावकरी, तुर्भ्याहून पाळी सोडून आलेले सगळे. मला तयारीशिवाय बोलता येत नाही, आणि आज या शोकसभेत तयारी करूनही आवाज टिकेल याची खात्री नाही. म्हणून काय घडलं ते आधी क्रमाने सांगते.

एक. मंगळवारी सकाळी कारखान्यातली चार नंबरची लोखंडी टाकी उघडली. ती धुऊन, ओलसरच, सात महिने बंद ठेवलेली होती.

दोन. गॅस मीटर लावला. पेटणारा वायू शून्य. विषारी वायू शून्य.

तीन. आत उतरण्याच्या परवान्यावर ऑक्सिजनचा एक रकाना असतो. मीटरचा तेवढा भाग बिघडलेला होता. त्या रकान्यात रेघ मारली गेली.

चार. अकरा वाजता दत्ताराम घरत, आपले दत्ताकाका, शिडीने आत उतरले. तळाशी ते खाली बसले. हाकेला ओ दिली नाही.

पाच. परवान्यावर सुरक्षा अधिकारी म्हणून सही माझी आहे. रेघही माझीच.

टाकी नुसती पाण्याची असेल तर ऑक्सिजन न मोजताच रेघ मारायची, ही आमच्याकडची रीत. ‘पाण्याच्या टाकीत काय असणार?’ हे वाक्य मी पहिल्या वर्षी ऐकलं. दुसऱ्या वर्षी मीच ते बोलत होते.

मी नवीन होते तेव्हा काका म्हणायचे, “बाय, तू पुस्तकातली, आमी लोखंडातले.” एकदा चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, “गंज म्हंजे लोखंडावरची घानच ना?” मी म्हटलं, नाही काका. घाण नुसती मिसळलेली असते. मिश्रणात प्रत्येक पदार्थ आपल्या जागी तसाच राहतो, वेचून काढता येतो.

“मंग ह्यो चिवडा मिश्रन,” ते म्हणाले, आणि डब्यातले शेंगदाणे वेचायला लागले. ते रोजच वेचायचे. बाकीचे ओरडले की म्हणायचे, “डबा भरलेलाच दिसतो ना? मंग बोंबलता कशाला?”

आणि गंज? मी सांगितलं, लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र येऊन तिसरंच काही होतं. ते संयुग. त्यात लोखंडाची ताकद नसते. त्यातला ऑक्सिजन श्वासात घेता येत नाही. काका म्हणाले, “म्हंजे लगीन. तुझ्या काकीला इचार.”

तेव्हा सगळे हसले. मीही हसले.

हे मला माहीत होतं. मीच शिकवलं होतं. हवा म्हणजे मिश्रण. ऑक्सिजन त्यातला एक भाग, साधारण पाचवा हिस्सा. सात महिने त्या ओल्या भिंती गंजत होत्या, आणि गंज हवेतून तेवढाच भाग वेचून घेत होता. शेंगदाणे गेले होते. डबा भरलेला दिसत होता.

तो ऑक्सिजन कुठे बाहेर गेला नव्हता. टाकीतच होता, भिंतीवरच्या तांबड्या थरात. काकांच्या हाताला लागेल इतका जवळ.

काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या कारखान्यातून चांगला मीटर आणला. पाच नंबरची टाकी चारबरोबरच बंद केलेली. झाकण किंचित उघडून नळी आत सोडली. बाहेरच्या हवेत मीटर एकवीस टक्के ऑक्सिजन दाखवतो. आत आठ. अशा हवेला वास नसतो. गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणसाला धोका कळायच्या आत शुद्ध जाते.

काकी, परवा तुम्ही स्वयंपाकघरात मला विचारलंत, “त्या सकाली बीपीची गोली द्यायची मी इसरले गो बाय. त्याच्यानंच झाला ना?” मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर रेघेबद्दल बोलावं लागलं असतं.

आज सगळ्यांसमोर देते. नाही, काकी. गोळीचा काही संबंध नाही. तुम्ही गोळी दिली असती तरी त्या टाकीत श्वास घ्यायला काही नव्हतं.

व्यवस्थापक साहेब, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला आहात. कंपनीच्या अहवालात लिहिलं आहे, ‘रक्तदाबाचा जुना आजार, हृदयविकाराचा झटका.’ तो कागद घरात आहे म्हणून काकी स्वतःला दोष देत आहेत. माझा जबाब मी पोलिसांत दिला आहे. त्यात रेघ आहे, सही आहे, पाच नंबरचा आकडाही आहे. तुम्ही मला काढलंत तरी तो आकडा बदलणार नाही.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. काकांसाठी.

त्यानंतर, साहेब, एवढंच. अहवालातलं कारण बदलणार की नाही, ते काकींना शिरवण्याच्या घरी लेखी कळवा. शनिवारी संध्याकाळपर्यंत.