विषय : दारासमोरचा फलक काढण्याबाबत

विषय : अर्जदाराच्या दारासमोरील 'पोलादी गोरोताचं मूळ घर' हा फलक काढून टाकण्याबाबत. संदर्भ : अर्जदाराचे याच विषयावरचे यापूर्वीचे तीन अर्ज. अर्जदार : मासाहारू तोकिता, वय एकाहत्तर, कामेउरा नगर कार्यालयातले निवृत्त कारकून. म्हणजे मी. आणि या चौथ्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत मी स्पष्ट केलंय, की मी यंत्रमानव नाही. या वयात माणसाला हे लेखी द्यावं लागतं, बोला.

तुम्हाला सांगतो, हे दुखणं मी नऊ वर्षांचा असल्यापासूनचं आहे. आमच्या घरासमोर न्हाव्याचं दुकान, दुकानावर एक खोली, आणि त्या खोलीत मुरोझाकी नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा दिवसभर खिडकीत बसून चित्रकथा काढायचा. बोटं शाईनं काळी, जेवण म्हणजे न्हाव्याची बायको वर पाठवेल तो भाताचा गोळा. त्यानं 'पोलादी गोरोता' काढायला घेतली... पुढल्या शतकातलं शहर, समुद्राखालून धावणाऱ्या गाड्या, आणि त्यात एक टकला, मोठ्या कपाळाचा यंत्रमुलगा, जो कुणी संकटात दिसलं की विचार न करता उडी मारतो. मासिकात पहिला भाग आला आणि आमच्या वर्गातल्या ओनोदानं ते पान माझ्या तोंडाशेजारी धरलं. झालं. माझं कपाळ मोठं, वडील दर महिन्याला समोरच्याच न्हाव्याकडून माझा गोटा करून घ्यायचे, आणि आमचं घर त्या खिडकीसमोर. आमच्या गावाला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

ओनोदा म्हणाला, "गोरोता, शाळेच्या छपरावरून उडी मार." मी म्हणालो, "मला उंचीची भीती वाटते." तर म्हणतो कसा, "तिसऱ्या भागापर्यंत गोरोतालाही वाटत होती. चौथ्यात गेली." आता या पोराला काय सांगणार? मी यंत्रमानव नाही, हे तेव्हाच लिहून द्यायला हवं होतं.

तरी चित्रकथा होती तोवर बरं होतं हो. मासिक वाचणारे असून असून किती? पण मग ती टीव्हीवर हलायला लागली. काळीपांढरी. आणि प्रायोजक लोणच्याचा कारखाना, त्यामुळे मूळ कथेत विजेवर चालणारा गोरोता टीव्हीवर मुळ्याचं लोणचं खाऊन चालायला लागला. ज्या घरी जावं तिथे माझ्यापुढे मुळ्याचं लोणचं. मला त्यानं पित्त होतं. पण नाही कसं म्हणणार? पुढे माझं लग्न झालं, नगर कार्यालयात रहिवासी नोंदणीच्या खिडकीवर चिकटलो, म्हटलं सुटलो... तर मालिका रंगीत झाली. रंगीत गोरोताला एक हरवलेली बहीण सापडली. दुसऱ्या दिवशी खिडकीवर एक बाई स्थलांतराचा अर्ज घेऊन आल्या, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तोकिता-सान, बहीण भेटली म्हणे. फार बरं वाटलं." मी म्हणालो, "बाई, अर्जावर शिक्का राहिलाय." दुसरं काय म्हणणार?

पण या सगळ्यावर कडी केली ती तिसऱ्या मालिकेनं, दहा वर्षांपूर्वी. संगणकावर केलेली. तीत शेवटच्या भागात गोरोता मरतो. समुद्र अडवणारा दरवाजा पाठीवर धरून उभा राहतो, शहर वाचतं, हा वाचत नाही. सकाळी सात वाजता आमच्या दारात शेजारच्या विधवा इवासे-सान, हातात पांढरी शेवंती आणि उदबत्तीचा पुडा. "मनाला लावून घेऊ नका हं." अहो, कुणाचं? माझं? माझ्याबद्दल मलाच?

त्यात देवळात त्याचा अंत्यविधी ठेवला. हसू नका, आमच्याकडे ठेवतात. दोनशे माणसं काळ्या कपड्यांत, समोर फुलांच्या मधोमध गोरोताचा मोठा फोटो, आणि भटजी मला म्हणतात, "तोकिता-सान, तुम्ही घरच्यांच्या रांगेत बसा." उठून जाणं बरं दिसेना. बसलो. दोनशे माणसं एकेक करून पुढ्यात आली, वाकली, "फार गुणी होता" म्हणाली, आणि मीही दोनशे वेळा वाकलो. नंतर जेवण होतं. माझ्या स्वतःच्या अंत्यविधीचं जेवण मी जेवलो. टोफू बरा होता. मुळ्याचं लोणचं होतंच.

आणि त्या पुण्याईवर माझ्या दारात हा फलक उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, तोकिता-सान, लोणचं चालवून घेतलंत, मरण चालवून घेतलंत, मग फलकाचंच काय एवढं? सांगतो. बायको होती तोवर तिलाही सांगितलं नव्हतं.

गावाचं सार्वजनिक न्हाणीघर चालवणाऱ्यांचा एक कुत्रा होता, मोचि नावाचा. मी नऊ वर्षांचा असताना तो धक्क्यावरून पाण्यात पडला. मी काठावर होतो. पोहता येत होतं मला. पण खिशातले हात बाहेर आले नाहीत. शेवटी न्हाणीघरवाली बाई ॲप्रनसकट उडी मारून त्याला वर घेऊन आली. आणि पुढच्या महिन्याच्या अंकात काय? तोच धक्का, पाण्यात कुत्रा, आणि गोरोता विचार न करता उडी मारतो. ते पान मी संडासात बसून वाचलं. बासष्ट वर्षं माझी खात्री होती, की वरच्या खिडकीतल्या माणसानं मला बघितलं, आणि मी काय करायला हवं होतं ते काढून छापलं. आता रोज लोक त्या फलकाखाली माझ्याबरोबर फोटो काढतात, पोरं विचारतात, "आजोबा, कुत्र्याला तुम्हीच वाचवलंत ना?" मी यंत्रमानव नाही, एवढंच म्हणतो. पोरांना वाटतं, विनय.

यंदा वसंतात ते मुरोझाकी आले. आता शहाऐंशी वर्षांचे. नगर कार्यालयानं सत्कार ठेवला होता, आणि बेत असा, की त्यांनी व्यासपीठावरून 'हो, गोरोता या तोकितावरूनच' म्हणायचं, की माझ्या दारात ब्राँझचा पुतळा. मला तीन दिवस जेवण गेलं नाही. आणि सत्काराच्या आधी तासभर म्हातारा काठी टेकत आमच्याच गल्लीत. फलक वाचला. मग मला बघितलं.

"तू समोरचाच ना रे?"

"हो."

"आणि हे काय लिहिलंय?"

"गोरोता माझ्यावरून काढलात, असं."

हसता हसता त्यांना ठसका लागला. "तुझ्यावरून? न्हाणीघरातला बंब आठवतो? गोल गरगरीत, दोन बाजूंना दोन तोट्या. संपादक न्हाव्याच्या दुकानात बसून पानांची वाट बघायचा. चित्रात केस काढायला वेळ जातो बाबा. बंबाला केस नसतात."

तुम्हाला सांगतो, एका बंबामुळे इतकं बरं वाटेल असं कधी... म्हणजे गोरोता मी नव्हतोच! तरी तोंडातून निघालंच, "आणि कुत्रा? मी काठावर उभा होतो. तुम्ही बघितलंत."

म्हातारा न्हाव्याच्या बाकावर बसला.

"तू होतास तिथे? मला नाही दिसलास. मी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होतो. शाईची बाटली घेऊन येत होतो. बाटली खाली ठेवावी की नको, एवढाच विचार करत होतो. ठरेपर्यंत बाई वर आलीसुद्धा." मग म्हणाले, "माझ्यावरून काढलेलं तेवढं एकच पान. तेही खोटं."

मी आत गेलो, चहा टाकला. पाणी उकळेपर्यंत लक्षात आलं, की मी त्या काळ्यापांढऱ्या मालिकेचं गाणं गुणगुणतोय. आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही दोघे न उडी मारणारे बाकावर बसून चहा प्यायलो. मुळ्याचं लोणचं आहे का, असं त्यांनी जरा धास्तावून विचारलं. घरात नव्हतं. त्यांनाही त्यानं पित्तच होतं म्हणे.

जाताना त्यांनी लिहून दिलं, सहीशिक्क्यासकट : गोरोता तोकितावरून नाही, बंबावरून. व्यासपीठावरही तेच सांगितलं. पुतळा रद्द. तो कागद जोडून मी चौथा अर्ज नेला पर्यटन विभागाच्या कुसुनोकीकडे. हा माझ्याच हाताखाली तयार झालेला.

त्यानं दोनदा वाचलं. "सर, गोरोता तुमच्यावरून नाही हे सिद्ध होतं. पण फलक कुठे हलवायचा?"

"न्हाणीघराजवळ."

"तिथे आता वाहनतळ आहे सर. तिथे फोटो कोण काढणार? आणि नकाशे तर छापून झालेत."

"मग नाकार ना माझा अर्ज."

"तुमचा अर्ज नाकारू, सर? तुम्हीच शिकवलंत ना, नाही म्हटलं की माणूस वरच्या साहेबाकडे जातो." आणि त्यानं खणातून शिक्का काढला. 'विचाराधीन'. ओळखला मी. लाकडी मुठीचा, त्याची या विभागात बदली झाली तेव्हा मीच त्याला दिला होता. त्यानं तो सरळ मारला, कोपऱ्यात, मी शिकवला तसा.

सध्या पोरं येतात, फोटो काढतात. कुत्र्याचं विचारलं तर सांगतो, न्हाणीघरवाल्या बाईनं वाचवला, मी काठावर उभा होतो, आणि मुरोझाकीही. पोरं म्हणतात, आजोबा मजेशीर आहेत. मी यंत्रमानव नाही, याला आता लेखी आधार आहे.

अर्ज विचाराधीन आहे.