दगडावर ठेवलेला केक

जुलैचा शेवटचा रविवार. टेकडीकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यामागे आमच्या गावातले एक आजोबा आणि एक आजी उभे होते.

“डिम्फ्ना, गुडघे धड नाहीत आणि टेकडी चढायला निघालीस?”

“टेकडीवर रानबेरी वेचायचा रविवार वर्षातून एकदाच येतो, मॅलकी. गुडघे काय, रोजचेच.”

“टोपलीत बेरीचा केक दिसतोय. तो तर तरण्या पोरी करतात, मनातल्या पोराला द्यायला.”

“मीही होतेच की तरणी. तुझ्यासाठी केला, तुझ्या वाटेतल्या दगडावर नेऊन ठेवला. तू बघितलास आणि सरळ पुढे गेलास. मी समजले, तुला मी नकोय.”

“तो केक तुझा होता?”

“मग कुणाचा?”

“अगं, मला वाटलं, टेकडीच्या पोटात राहणाऱ्या अदृश्य मंडळींसाठी कुणीतरी नैवेद्य ठेवलाय! त्यांच्या वाट्याचं खाल्लं तर घरची गाय आटते. मी आपली टोपी काढली, मान झुकवली आणि सटकलो.”

“अरे देवा! हातात द्यायची लाज वाटली रे मला.”

“अजून वाटते?”

“आता कसली डोंबलाची लाज? हा घे, हातात धर. अरे, टोपी कशाला काढतोस? खा मुकाट्यानं!”