उद्याचा अध्याय

अंबाजोगाईच्या दवाखान्यात, वॉर्डाबाहेर, अजमतबी संध्याकाळी दोन भाकरी सकाळसाठी राखून फडक्यात बांधत होती. शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“आत्याबाई, बायबल मिटू नका. उद्याचा अध्याय बी आत्ताच वाचून घ्या.”

“कावून गं?”

“मामांना सकाळीच ऑपरेशनला नेणार हायत. वाचायला सवड न्हाई मिळायची.”

“आजचा झाला. उद्याचा उद्या.”

“पुढं चांगलं लिवलंय का, तेवढं तरी बघा.”

“मोशेच्या लोकांना देवानं रानात मान्ना खायला दिला, तो रोजच्यापुरताच. ज्यांनी सकाळसाठी राखून ठिवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले.”

“अन् उद्या काय वाईट झालं तर?”

“तर उद्या मला वाचायची लई गरज पडंल. ते आज कसं संपवू?”

सासूनं बायबल मिटून सुनेकडं पाहिलं.

“तू सकाळपासून काय खाल्लंस?”

“भूक न्हाई मला.”

अजमतबीनं फडक्याची गाठ सोडली.

“घे पोरी. तुमी बी घ्या, बाई.”

“अन् सकाळी तुमाला काय, चाची?”

“ते आत्ता कावून विचारतीस? खा.”