बॉनेटवरचा हात

मंडळी, जरा सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. क्षणभर डोळे मिटा आणि त्या सावळ्याला मनातल्या मनात एक हाक मारा. मारली? आता डोळे उघडा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या.

आपल्या माणसावरच्या मायेपोटी आपण खोटं बोललो — स्वतःसाठी नाही हं, त्याच्यासाठी! — तर त्या खोट्याचं ओझं कोण वाहतं? बोलणारा? की ज्याच्यासाठी बोललो तो?

पाटील, तुम्ही मान का खाली घातली? अजून तुमचा विषय आलेला नाही!

तर ऐका. कोल्हापूरकडं, नदीकाठी एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचं मोठं यार्ड आहे. पूर्वी तिथं उसाच्या गाड्या थांबायच्या. आता उन्हाळ्यात तिथं मोटारींची शर्यत होते. ऑटोक्रॉस म्हणतात तिला. मोकळ्या मैदानात नारिंगी शंकू मांडायचे — रस्त्यावर खड्ड्याशेजारी ठेवतात ना, म्हणजे ठेवायला पाहिजेत ना, तेच! — आणि एकेकानं त्यांच्यामधून गाडी वळवत न्यायची. शेजारी कुणी बसवायचं नाही. स्पर्धा घड्याळाशी. शंकू पडला की वेळ वाढली.

गट दोन. गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर मूळ गट. इंजिनात काही फेरफार केला असेल तर बदल गट. सोपं आहे ना? सोपं असतं तर मी कीर्तनाला कशाला उभा राहिलो असतो!

या शर्यती सुरू केल्या रणधीर इंगवलेनं. त्याच्याकडं एक लाल गाडी होती. दोनच सीटा, छप्पर उघडं. बायको म्हणायची, "सासूबाईंना कुठं बसवायचं?" तर म्हणायचा, "म्हणून तर घेतली!"

या रणधीरनं एक रीत पाडली. तिथं कुणी कुणाची गाडी उघडून तपासत नाही. ज्याची गाडी त्यानं बॉनेटवर तळहात ठेवायचा, "जशी आहे तशी सांगतो" म्हणायचं आणि आपला गट आपणच बोलायचा. संपलं! लोक हसले. म्हणाले, अरे, फसवतील की! रणधीर म्हणाला, "बॉनेट उघडून गाडी कळत्या, माणूस कळत नाही."

असा माणूस! साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला. हाताशी धरून मोठा केलेला धाकटा भाऊ मागं राहिला — विक्रांत. आणि बायको, वैजयंता.

मंडळी, दुःखात माणसाला काहीतरी करत बसावं लागतं. विक्रांत त्या लाल गाडीत शिरला. वर्षभर गॅरेजचं दार लावून आत. इंजिन खोललं, ताकद वाढवणारा टर्बो बसवला, स्प्रिंगा बदलल्या. वरून पाहिलं तर गाडी तीच, पोटात मात्र भलतीच!

आणि नेमकं त्याच वर्षी काय झालं? शर्यतीच्या मंडळानं रणधीरच्या नावानं चषक ठेवला. कुठल्या गटाला? तो स्वतः आयुष्यभर धावला त्या, मूळ गटाला! दादासाठी म्हणून गाडीत जीव ओतला, आणि त्यामुळंच दादाचा चषक हातचा गेला. बदल गटात मोठमोठ्या गाड्या. तिथं ही शेवटीच येणार.

शर्यतीच्या सकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, ह्यांच्या फोटोशेजारी जागा केल्या बघा चषकाला." बाईला इंजिनातलं काय ठाऊक? विक्रांत नुसता हसला. त्यानं मनाशी ठरवून टाकलं. एक शब्द तर बोलायचा! आणि कुणासाठी? दादासाठीच ना?

भर दुपार. मे महिना. पत्र्यावर भाकरी भाजावी असं ऊन! लोक बॉनेटला हात लावत होते आणि "आई गं" करून मागं घेत होते. मांडवात गट लिहून घ्यायला अण्णा मगदूम बसलेले, रणधीरचे जुने दोस्त.

"बोल विक्रांत. कुठला गट?"

विक्रांतनं हात ठेवला. आणि — मंडळी! — ते बॉनेट गार होतं. माठाच्या बुडासारखं गार! सगळ्या मैदानात तेवढाच एक पत्रा थंड. त्याच्या दंडावर काटा आला. पण तोंडातून शब्द गेला, "जशी आहे तशी सांगतो. मूळ गट."

"शाब्बास. दादाचाच भाऊ," अण्णा म्हणाले.

तो गाडीत बसला. किल्ली फिरवली. समोर तांबडा दिवा लागला. कसला दिवा? शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला नाही, तर लागतो तो! शेजारी कोण? कुणी नाही. रिकामी सीट! विक्रांतनं दिव्यावर टिचकी मारली. विझेना. वायर सैल असेल, म्हणाला. आपण नाही का म्हणत, वारं असेल, मांजर असेल!

तेवढ्यात डाव्या हाताला आवाज झाला. खट्!

दिवा विझला.

त्यानं मान वळवली. शेजारचा पट्टा आपोआप लागला होता. ताणलेला होता! आणि सीटची गादी... खाली दबली होती.

पेटीवाले, सूर धरून ठेवा. सोडू नका.

पुढं झेंडा पडला. काय करणार? सुटला! गाडीत ताकद होती हो, पण गाडी डावीकडं ओढायला लागली. वळणावर डावी बाजू जमिनीला टेकतेय असं वाटायचं. डावीकडचे शंकू पटापट पडले. मांडवातून अण्णा उठून बघायला लागले. "एकटा माणूस उजवीकडं बसलाय, आणि गाडी डावीकडं का दबत्या?"

तरी टर्बो तो टर्बो! वेळ चांगली लागली. वर फक्त एक गाडी, इचलकरंजीच्या एका पोरीची, तिच्या वडिलांची साधी छोटी गाडी. अजून एक फेरी बाकी होती. चषक हाताच्या अंतरावर!

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी दिलं नाही.

"भाऊजी, शेजारी हे बसले होते ना?"

विक्रांतनं डावीकडं बघायचं टाळलं. "वहिनी, ऊन लागलंय तुम्हाला."

"नाही. माझा माणूस मी पाठीवरून ओळखते." ती रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. तिला फक्त एक गोष्ट समजत नव्हती. "पण ह्यांनी मान खाली का घातली होती? जन्मात कधी कुणापुढं घातली नाही ती! काय झालंय, भाऊजी?"

काय झालंय ते एका विक्रांतलाच ठाऊक!

विक्रांत खाली उतरला. आत्ताच धावून आलेली गाडी, वर आग ओकणारं ऊन — आणि बॉनेट अजून गारच! त्यानं तळहात दाबून धरला. मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अण्णा, मी खोटं बोललो. इंजिन मी बदललंय. माझा बदल गट."

अण्णांनी चष्मा काढला. "पोरा, दादाचा चषक जाईल."

"जाऊ दे अण्णा. दादाला मान वर करू दे."

हे शब्द सुटले आणि त्याच्या तळहाताला चटका बसला! पत्रा तापला. असा तापला की कातडी भाजली. तो हात झटकत, हसत, लहान पोरासारखा रडायला लागला. आणि गाडीत पुन्हा आवाज झाला. खट्! पट्टा सुटला, सर्रकन मागं गेला. दबलेली गादी हळूहळू वर आली. कुणीतरी उठून गेल्यासारखी.

बदल गटात विक्रांत शेवटचा आला. चषक वहिनीनं स्वतःच्या हातानं त्या इचलकरंजीच्या पोरीला दिला. फोटोशेजारची जागा रिकामीच राहिली. विक्रांतच्या तळहातावर डाग आहे, मी पाहिलाय. विचारलं, "दुखतो का रे?" म्हणाला, "महाराज, दुखत नाही. पण त्यानंतर दादा कधी शेजारी बसला नाही. याचंच दुखतं."

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं? ज्याच्यासाठी खोटं बोलता, तोच येऊन ते ओझं मांडीवर घेतो. आईसाठी बोललात तर आई. लेकरासाठी बोललात तर लेकरू!

आता तुम्ही उठाल, प्रसाद घ्याल, गाडीला किक माराल. मागं कुणी बसलेलं नसेल. तरीही गाडी जड लागली, तर मंडळी, वेग वाढवू नका. मागं वळूनही बघू नका. कोण बसलंय ते तुम्हाला माहीत आहे. थांबा, उतरा, आणि तापलेल्या इंजिनावर हात ठेवून बघा.

गार लागलं, तर तिथंच उभं राहून खरं बोला. तो मान वर करायची वाट बघतोय.