सलीमचा मुरलेला चहा

ह्या चहावरून आठवलं. आमचा दाभोळचा सलीम बोटीवर असतो. त्याने चीनहून तीस वर्षं मुरवलेला ऊलाँग चहा आणला आणि माझ्या आईला बजावलं, "काकी, पहिलं पाणी ओतून द्यायचं हां!"

आईला वाटलं, कडू असणार. म्हणून करांद्याचे कडू कंद उकडतात तसा तो उकळून, कडवटपणा जाईपर्यंत तिने चारदा पाणी बदललं.

कपात आलं ते नुसतं पिवळट पाणी. सलीमने घोट घेऊन डोळे मिटले.

"काकी, पाणी विहिरीचं काय?"

"हो रे. का?"

"छान आहे."

यंदा सुट्टीवर आला तो तसलाच पुडा घेऊन. वर म्हणतो, "काकी, तुमच्याच पद्धतीने करा."

आता मी काय समजू, सांगा!