सासऱ्यांनी ऐकलेलं डेथ मेटल

हसा तुम्ही, पण त्या अल्बमपायी माझं लग्न मोडायचंच बाकी होतं. डेथ मेटलचा घोगरा आवाज आणि ग्राइंडकोरचा वेग, असलं संगीत मी गाडीत एकटाच ऐकतो. वालावलहून होणाऱ्या सासऱ्यांना गाडीत घेतलं आणि फोन आपोआप जोडला जाऊन तेच सुरू झालं. सासरे म्हणजे गावच्या देवळात सगळ्या गावाच्या वतीनं देवाला खड्या आवाजात गाऱ्हाणं घालणारे मानकरी! मी बंद करायला गेलो, तर म्हणाले, "रवांदे."

मिनिटभरात गाणं संपलं.

"दम बरो आसा तेचो. खंयच्या देवाक गाऱ्हाणा घालता?"

"देवाक नाय काका, ता नुसता गाणा आसा."

"आसांदे. पण पाठसून 'व्हय म्हाराजा' म्हणूक कोणच कसो नाय?"

माझा जीव भांड्यात पडला. कुडाळ येईपर्यंत प्रत्येक गाण्यामागे आम्ही दोघं 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो.