बाहेरून हात लावायचा नाही

मुलगी : बाबा, यंदा शाळेच्या प्रदर्शनात तुझा कितवा नंबर येणार?

बाबा : माझा?

मुलगी : मैत्रिणींनी पैज लावली होती, हे मी तुला विचारूच शकणार नाही म्हणून. विचारलं. आइस्क्रीम जिंकले.

आई : प्रश्न काही चूक नाही. पाचवीतला ज्वालामुखी यांचा, सातवीतला झुलता पूल यांचा. पोरीने फक्त नाव लिहिलं.

मुलगी : तेही बाबाने पुन्हा गिरवलं.

बाबा : अक्षर कलंडत होतं, ठमाकाकू. मी आपला जरासा हातभार लावला.

मुलगी : म्हणूनच सांगतेय, हे भांडं माझं एकटीचं. आज चाकावर झालं तरच वाळून शनिवारी मातीकामाच्या क्लासच्या भट्टीत जाईल, नाहीतर प्रदर्शन हुकलं. तू त्या स्टुलावर बस. हात मांडीखाली.

बाबा : चाक माझं, छंद माझा, आणि मीच हातांवर बसू?

आई : बसा. आणि माझा कंगवा नि केस वाळवायचा ड्रायर इथे चिखलात काय करतायत, ते सांगेल का कुणी?

मुलगी : नक्षीला लागतात गं. हे बघ, आधी सरळसोट नळकांडं ओढलं. त्यावर कंगव्याने रेघा मारल्या. ड्रायरने वरची कातडी सुकवली. आता हात फक्त आत घालायचा आणि हळूहळू फुगवायचं. आतली माती ओली, ती ताणली जाते. बाहेरची सुकलेली, ती तडकते. झाडाच्या सालीसारखी. बाहेरून बोट लागलं की तेवढी साल सपाट.

आई : थोडक्यात, मी आज ओल्या केसांनी फिरायचं.

बाबा : एक बोलू? चाक फार जोरात फिरतंय.

मुलगी : बाबा.

बाबा : गप्प बसलो. डावीकडे जरा कलतंय, एवढंच.

आई : अहो, याला गप्प बसणं म्हणत नाहीत.

मुलगी : आई, बघ बघ, तडे पडायला लागले.

आई : अगबाई, खरंच की. पार जुन्या झाडाचं खोड.

बाबा : कड हलतेय. पडणार ते. अगं, पडतंय...

मुलगी : बाबा, हात!

(चाक थांबतं.)

आई : मांडीखाली होते ना ते?

बाबा : कधी निघाले कळलंच नाही. पडत होतं गं.

मुलगी : पडत नव्हतं, डुलत होतं. फुगताना डुलतंच ते. बघ आता, बरोबर मधोमध तुझा अंगठा.

बाबा : दे इकडे कंगवा, तेवढ्याच जागी पुन्हा दोन रेघा...

आई : खबरदार.

बाबा : तू चालायला लागलीस तेव्हाही असंच. ही म्हणायची, सोडा, चालेल ती. मी चार महिने तुझ्यामागे वाकूनच फिरलो. कंबर धरली ती धरलीच.

आई : आणि पोरगी चालली ती तुम्ही ऑफिसला गेल्यावर.

बाबा : माहितीय. चुकलं माझं.

आई : माती आहे ना अजून? मोड हे आणि नवं कर. यांना मी बाहेर नेऊन बसवते, दाराला कडी घालून.

मुलगी : माती आहे, वेळही आहे. पण नको. माझं ठरलंय, दोघंही ऐका. हेच भट्टीत जाणार. आजवर तुझा हात सगळीकडे होता बाबा, पण दिसत कुठेच नव्हता. यात दिसतोय, आणि एवढाच आहे. शेजारी चिठ्ठी ठेवीन : भांडं माझं, अंगठा बाबांचा.

बाबा : आणि नंबर आला तर?

मुलगी : तर स्टेजवर मी एकटी जाणार. तू खाली बसायचं. टाळ्यांपुरते हात मांडीखालून काढलेस तरी चालतील.